पांढऱ्या फळीची कुळकथा

घरातील एखादी खोली कचेरीच्या कामासाठी राखून ठेवण्याची पाळी ज्यांच्यावर येते, त्यांना टेबल-खुर्ची मिळविण्यास फारसे प्रयास पडत नाहीत. अडते ते भिंतीपाशी. दिवसाची कामे, हिशेबाची जुळवाजुळव, एखाद्या बेताचा कच्चा आराखडा, मुलाला समजावून द्यावयाचे त्रैराशिक, हे सारे डोळ्यांसमोर मोठ्या अक्षरांत मांडावे आणि काम आटोपले की पुसून टाकावे, अशी एक जागा हवी असते. इ. स. २०२० च्या मार्च महिन्यात टाळेबंदी पुकारली गेली आणि शाळा व कचेऱ्या एकदमच घरात येऊन बसल्या, तेव्हा ही उणीव घरोघर जाणवली. तयार पांढरा फळा विकत घ्यावा तर तो पुष्कळांच्या ऐपतीबाहेरचा, आणि ऐपत असली तरी दुकाने बंद. मग कोणी कपाटाच्या गुळगुळीत दारावरच लिहू लागले; कोणी काचेमागे पांढरा कागद लावून पाहिला; कोणी घराच्या दुरुस्तीतून उरलेला पांढऱ्या सनमायकाचा तुकडा माळ्यावरून खाली काढला. ही युक्ती करणाऱ्यांना ती आपलीच वाटली, यात नवल नाही. परंतु घरात सापडेल त्या वस्तूची पुसता येण्याजोगी फळी करण्याचा हा उद्योग साडेतीन हजार वर्षांहूनही जुना आहे.

प्राचीन मिसर देशात लेखकाचा धंदा शिकणाऱ्या मुलांना पपायरस सहजासहजी मिळत नसे. लव्हाळ्याच्या गाभ्याचे ते पत्र खर्चाचे काम होते. म्हणून लाकडाची फळी घेऊन तिच्यावर चुन्यासारख्या पांढऱ्या मातीचा व सरसाचा लेप देत, तो वाळला की घोटून गुळगुळीत करीत आणि काजळीच्या शाईने तिच्यावर धडे गिरवीत. धडा पुरा झाला की ओल्या फडक्याने पुसावे अथवा वर नवा लेप द्यावा, फळी पुन्हा कोरी. अशी एक फळी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर खाखेपेर्रेसेनेब नावाच्या इसमाच्या तोंडी घातलेले एक मनोगत आहे. पूर्वजांनी सर्व काही बोलून ठेवले आहे, आता कोणी उच्चारले नाहीत असे शब्द आपण आणावे तरी कोठून, ही त्याची तक्रार. पुसून पुसून पुन्हा लिहावयाच्या फळीवर नेमकी हीच तक्रार उतरावी, हा योगायोग गमतीचा खरा. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, ते मनोगत आज वाचता येते ते मुख्यतः या एका फळीमुळे. ती पुसावयाची राहून गेली, एवढेच तिचे भाग्य.

रोमन लोकांनी पांढरी फळी शाळेतून काढून चव्हाट्यावर उभी केली. प्रीटर नावाचा न्यायाधिकारी आपल्या कारकीर्दीत कोणते नियम पाळले जातील हे पांढरी केलेल्या फळीवर लिहवून सार्वजनिक जागी लावीत असे. पांढऱ्यास लॅटिनमध्ये ‘अल्बस’ म्हणतात. त्यावरून या फळीला ‘अल्बम’ असे नाव पडले. छायाचित्रांच्या ज्या वहीला आपण आज अल्बम म्हणतो, तिचे मूळ नाव असे फळ्याकडून आलेले आहे. या फळीवरील मजकुरात खाडाखोड करणे हा रोमन कायद्याने गुन्हा होता आणि त्यासाठी वेगळी फिर्याद लावता येत असे. पुसता येते म्हणून जी वस्तू निर्माण झाली, तिलाच पुसण्याची बंदी झाली! स्वतःच्या टिपणांसाठी मात्र रोमन गृहस्थ मेणाच्या पाटीवर अवलंबून असे. लाकडी चौकटीत मेणाचा पातळ थर, आणि लेखणीचे एक टोक अणकुचीदार तर दुसरे चपटे, एकाने लिहावे आणि दुसऱ्याने सारवावे. वक्तृत्वाचा शिक्षक क्विंटिलियन याने इ. स. च्या पहिल्या शतकात लेखन शिकणाराला मेणाचीच शिफारस केली, ती पुसण्याच्या सोयीसाठी. चूक सहज पुसता आली म्हणजे लिहिणाऱ्याचा हात भीत नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. शार्लमेन बादशहा म्हातारपणी अक्षर काढावयास शिकू लागला तेव्हा तोही अशा पाट्या उशीखाली ठेवून निजत असे, असे त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवले आहे. त्या वयात ती विद्या त्याला फारशी साधली नाही.

हिंदुस्थानात अशा पाटीची तीन रूपे दिसतात. पंजाबात आणि उत्तरेकडील इतर भागांत तख्ती चाले. लाकडाच्या फळीवर मुलतानी मातीचा ओला हात फिरवावयाचा, ती उन्हात धरून वाळवावयाची आणि बोरूने काळ्या शाईची अक्षरे काढावयाची. भरली की पाण्याने धुऊन पुन्हा माती लावावयाची. ही मिसरी फळीची सख्खी बहीण होय, आणि आजच्या पांढऱ्या फळ्याचीही पूर्वज. विसाव्या शतकातही तिकडील शाळकरी पोरे सकाळी फळ्या हलवीत वाळवताना दिसत. दुसरे रूप काळ्या पाटीचे. इ. स. १०३० च्या सुमारास अल्बेरुणीने हिंदूंच्या चालीरीतींवर ग्रंथ लिहिला, त्यात त्याने नोंदविले आहे की येथील शाळांत मुलांसाठी काळ्या पाट्या असतात. तिच्या आखूड बाजूने न लिहिता लांब बाजूने, डावीकडून उजवीकडे, पांढऱ्या पदार्थाने लिहितात. उजवीकडून डावीकडे लिहिणाऱ्या माणसाच्या नजरेत हे भरावे, हे साहजिकच आहे.

तिसरे रूप सर्वांत स्वस्त आणि सर्वांत थोर. ते म्हणजे धूळपाटी. हिला लेप नको, शाई नको, खडू नको. फळीवर बारीक धूळ किंवा विटेचा भुगा पसरावा आणि बोटाने अथवा काडीने लिहावे. महाराष्ट्रातील पंतोजीच्या शाळेत ‘ओनामासीधं’ पासून बाराखडीपर्यंतचा प्रवास याच धुळीतून होई, आणि ‘धुळाक्षरे गिरविणे’ हा शब्दप्रयोग पाटी गेली तरी मराठीत राहिला. परंतु ही केवळ पोरांची वस्तू होती असे कोणी समजू नये. आपल्याकडील अंकगणिताला ‘पाटीगणित’ म्हणत, आणि धुळीत केलेली आकडेमोड म्हणून ‘धूलिकर्म’ असेही नाव होते. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणावे असे उदाहरण आहे. ते जुन्या ‘कपाटसंधि’ रीतीने धुळीत कसे सुटे, हे पाहण्यासारखे आहे.

खाली १३५ मांडावे. वर १२ असे ठेवावे की त्यातील १ हा ५ च्या डोक्यावर येईल आणि २ उजवीकडे रिकाम्या जागेवर. पाच दुणे दहा. रिकाम्या जागी शून्य, हातचा एक. पाच एके पाच आणि एक सहा. आता ५ चे काम संपले, तो बोटाने पुसून तेथे ६ घालावा. खालची ओळ झाली १३६०. मग वरचा १२ पुसून एक घर डावीकडे सरकवावा. तीन दुणे सहा, खालचे सहा मिळून बारा. ६ पुसून २, हातचा एक. तीन एके तीन आणि एक चार. ३ पुसून ४. ओळ झाली १४२०. आणखी एक घर सरकावे. एक दुणे दोन, खालचे चार मिळून सहा. ४ पुसून ६. एक एके एक, तो जागच्या जागी. उत्तर १६२०. गुणक दाराच्या फळीप्रमाणे सरकत जातो म्हणून या रीतीला कपाटाचे नाव मिळाले. अखेरीस पाटीवर उरते ते केवळ उत्तर. ज्या १३५ पासून आरंभ केला तो नाहीसा झालेला असतो. उदाहरणच उत्तराने गिळलेले असते. चूक कोठे झाली हे मागे वळून पाहावयाचे म्हटले तर पाहावयास काही शिल्लक नाही.

हा स्वस्ताईचा मोबदला होता. चाळीसगावाजवळील पाटण येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखावरून कळते की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला होता. ग्रंथ राहिले, शिलालेखही राहिला. पण ज्या धुळीत ती गणिते घडली तिचा एक कणही कोणाच्या हाती लागणे शक्य नाही. ग्रंथांत सूत्र आणि उत्तर सापडते. मधली वाट, खोटे पाऊल, फिरून केलेला प्रयत्न, हे सारे वाऱ्यावर गेले.

हिंदी अंक आणि त्यांच्याबरोबर धूळपाटीही अरबांच्या देशांत पोहोचली. मगरिबात, म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम भागात, या अंकांना ‘गुबार’ म्हणजे धुळीचे अंक असेच नाव पडले. अरबांच्या देशांतच या पाटीवर मोठी टीका झालेली आढळते. दमास्कस येथे इ. स. ९५२-५३ मध्ये अल्-उक्लिदिसी याने हिंदी गणितावर ग्रंथ लिहिला आणि त्यात, पुसण्याची गरज पडू नये अशा रीतीने हेच गणित शाई व कागदावर कसे करावे ते दाखविले. त्याचे एक कारण सामाजिक होते. रस्त्यावर बसून भविष्य सांगणारे पोटभरू लोक धूळपाटी वापरीत, म्हणून ती हातात दिसणे प्रतिष्ठित माणसाला कमीपणाचे वाटे. ज्योतिष्याची वस्तू म्हणून गणित्याने ती टाकावी, हा न्याय पाटीला थोडा कडकच म्हणावा लागेल. पण कागद स्वस्त होऊ लागलेल्या त्या जगात अल्-उक्लिदिसीची रीत टिकली, आणि गुणाकाराच्या पायऱ्या कागदावर एकीखाली एक उभ्या राहू लागल्या. आज शाळेत गुणाकार जसा मांडतात, त्याला पुसावे लागत नाही, हे या बदलाचेच फळ होय.

कागद मात्र सर्वांना स्वस्त झाला नाही. आणि म्हणून धुळीची फेरी संपली नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथ मुलांच्या आश्रमाचा व्यवस्थापक होता. एकदा जाता जाता मलबारी मुलांची एक शाळा त्याच्या दृष्टीस पडली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढीत होती. आपल्या आश्रमातही हेच करावे असे त्याने ठरविले. त्याच्या पगारी शिक्षकांना ही नवी रीत रुचेना, तेव्हा बेलने जॉन फ्रिस्कन या आठेक वर्षांच्या मुलालाच वाळूचा वर्ग सोपविला. मोठ्या मुलाने धाकट्यास शिकवावे ही पद्धत त्यातून वाढली. १७९७ साली बेलने लंडनमध्ये या प्रयोगावर पुस्तक छापले, आणि जोसेफ लँकेस्टर याने लंडनच्या बरो रोडवरील आपल्या गरिबांच्या शाळेत सर्वांत लहान मुलांना वाळूच्या बाकापुढे आणि त्याहून मोठ्यांना दगडी पाटीपुढे बसविले. एका मास्तरावर शेकडो मुले शिकू लागली आणि वह्यांचा खर्च उरला नाही. विलायतेत हिचा बोलबाला झाल्यावर हीच पद्धत नव्या नावाने हिंदुस्थानात परत आली. मलबारची वाळू साहेबाच्या हातून घेतली म्हणजे तिला शास्त्राची प्रतिष्ठा येते, असा हा प्रकार होता. वेल्सच्या खाणींतील दगडी पाटी सरकारी आणि मिशनरी शाळांतून धूळपाटीला मागे सारीत गेली.

पाटी स्वस्त होती; पाटीपुढची बैठक मात्र तशी नव्हती. पंतोजीच्या शाळेत धूळ सर्वांच्या पायांखाली सारखीच असली तरी ती पाटीवर पसरून अक्षर काढण्याचा मान कित्येक जातींना आणि बहुतेक सर्व मुलींना नव्हता. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली, तेव्हा अडचण पाटीच्या किमतीची नव्हती.

लहान पाटी भिंतीवर टांगून मोठी केली म्हणजे फळा होतो. गोष्ट इतकी साधी आहे की तिचा शोध कोणी लावला यावर वाद घालण्यात अर्थ नाही. तथापि एडिंबरोच्या हायस्कुलाचा मुख्याध्यापक जेम्स पिलन्स याचे नाव घेतले जाते. त्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रंगीत खडूंनी फळ्यावर नकाशे काढून भूगोल शिकविला. फळ्याने विद्यार्थ्याला उभे करून उघडे पाडले, ही त्याची खरी करामत. अमेरिकेत येल महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना १८३० साली सांगण्यात आले की, शंकुच्छेदाच्या भूमितीतील आकृती पुस्तकात पाहून बोलू नये, फळ्यावर स्वतः काढून सिद्ध करावी. त्यांनी बंड केले. शहाण्णव जणांच्या वर्गातून त्रेचाळीस जणांना काढून टाकण्यात आले. फळ्याने एवढा मोठा बळी दुसऱ्या कोठे घेतला असेल असे वाटत नाही.

परंतु पाटीची सर्वांत विलक्षण कहाणी मद्रास इलाख्यातीलच आहे. श्रीनिवास रामानुजन यांना कुंभकोणम आणि मद्रास येथील हलाखीच्या दिवसांत मनातील गणितापुरते कागद विकत घेणे परवडत नसे. ते मांडीवर पाटी घेऊन लिहीत आणि फडके शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून कोपराने पुसून टाकीत. निष्कर्ष हाती आला की तेवढाच वहीत शाईने उतरवीत. सिद्धता पाटीवर जन्मे आणि कोपराखाली संपे. १९१३ च्या जानेवारीत केंब्रिजच्या हार्डींना पाठविलेल्या पत्रात अशीच सिद्धतेवाचून सूत्रे होती. त्यांच्या वह्यांत तीन हजारांहून अधिक निष्कर्ष आहेत, आणि ते एकेक करून सिद्ध करण्याच्या कामी ब्रूस बर्न्ट या अमेरिकन गणितज्ञाने पाच खंड खर्ची घातले. त्यातील पहिला १९८५ साली व शेवटचा १९९८ साली निघाला. सर्व दोष पाटीवर टाकणे योग्य होणार नाही. रामानुजनांनी ज्या पुस्तकावरून अभ्यास केला ते कार यांचे पुस्तकही सूत्रांची जंत्रीच होते, आणि शिष्याने त्याची शैली उचलली. तरीसुद्धा कागदाचे दोन-चार रिम महिन्याला मिळते तर ते कोणत्या वाटेने त्या सूत्रांपर्यंत गेले हे आज दिसले असते. रामानुजन १९२० साली बत्तिसाव्या वर्षी वारले.

पाटीवरील पेन्सिलीचीही एक किंमत होती, आणि ती विकत घेणाऱ्याला द्यावी लागत नसे. मध्य प्रदेशातील मंदसौरच्या आसपास मऊ थराथरांचा दगड यंत्राच्या करवतीने कापून पेन्सिली बनविण्याचा धंदा वाढला. कापताना उडणारी बारीक धूळ छातीत जाऊन कामगारांना सिलिकोसिस होई. फुप्फुसे दगडासारखी घट्ट होत जाणारा हा रोग बरा होत नाही. १९७० नंतरच्या काळात वैद्यकीय तपासण्यांतून हे उघड झाले, तेव्हा त्यांत ऐन तारुण्यातील माणसे होती. शाळेतील मूल काही पैशांत जी कांडी घेई, तिची उरलेली किंमत अशी दुसरीकडे चुकती होत होती.

पांढरा फळा येण्यास निराळी सामग्री लागली, आणि ती सामग्री फळ्यासाठी निघालेली नव्हती. १९१३ साली सिनसिनाटी येथे फॉर्मायका कंपनी स्थापन झाली ती विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरण्याचा पदार्थ विकण्यासाठी. नावाचा अर्थच ‘अभ्रकाच्या बदली’. कागदाचे थर राळेसारख्या द्रव्यात भिजवून उष्णतेने व दाबाने एकजीव करावयाचे, ही ती कृती. पुढे वरच्या थराला मेलामाइनचे द्रव्य आले, आणि पांढरा, चकचकीत, पाणी न शोषणारा पृष्ठभाग स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी आणि टेबलासाठी मिळू लागला. आपल्याकडे त्यालाच सरसकट सनमायका म्हणतात. १९२४ साली विल्यम मेसन याने अमेरिकेत मिसिसिपी संस्थानातील लॉरेल गावी, लाकूड कापणीच्या गिरण्यांतील टाकाऊ तुकडे वाफेने फोडून त्यांच्या तंतूंची फळी दाबली. तिच्यावर पांढरा लेप दिला की न्हाणीघराच्या भिंतीसाठी स्वस्त तक्ता होई. दोन्ही वस्तू ओलावा आत घेत नाहीत, आणि तोच फळ्याचा गुण ठरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोरड्या कापडाने पुसता येणारी शाई निघाली, तेव्हा ओट्याचा तुकडा आपोआप फळा झाला.

या शाईचे रहस्य धूळपाटीच्या अगदी जवळचे आहे. साध्या शाईतील रंग पृष्ठभागाला धरून बसावा अशी योजना असते. या शाईत रंगाबरोबर एक तेलकट द्रव्य मुद्दाम घातलेले असते, ते रंगाला पृष्ठभागापासून किंचित अलग ठेवते. मद्यार्क उडून गेला की मागे राहते ती वाळलेली भुकटीच. फरक एवढाच की पूर्वी बोट धूळ बाजूला सारून अक्षर काढी, आता पेन धुळीचेच अक्षर ठेवून जाते.

घरी असा फळा करावयाचा तर चकचकीत पांढऱ्या सनमायकाचाच तुकडा घ्यावा. खरखरीत किंवा झिलई नसलेल्या पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत रंग अडकतो आणि तो पुसला जात नाही. नुसता तुकडा भिंतीवर वाकतो. म्हणून प्लायवूडवर लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवून, वर वजन ठेवून रात्रभर राहू द्यावा आणि कडांना लाकडी पट्टी मारावी. काचेचा फळा याहून टिकाऊ. काचेच्या मागल्या बाजूस पांढरा रंग दिला की झाले, मात्र कडा घासून घेतलेल्या असाव्यात आणि भिंतीतील खिळे वजन पेलणारे हवेत. सनमायकाला लोहचुंबक चिकटत नाही, तेव्हा कागद अडकवावयाचे असल्यास निराळी सोय करावी लागते. वर्ष-दोन वर्षे वापरल्यावर पृष्ठभागाची झिलई मरू लागते आणि पुसलेल्या अक्षरांच्या फिक्या सावल्या राहू लागतात. काही आठवडे तसाच राहिलेला मजकूर तर कोरड्या फडक्याला दादच देत नाही. अशा वेळी घासाघीस करून पृष्ठभाग खरवडू नये. त्याच जुन्या रेघांवरून ताज्या पेनाने पुन्हा एकदा लिहावे आणि शाई ओली आहे तोच पुसावे. नवा मद्यार्क जुन्या रंगाला सैल करतो आणि दोन्ही अक्षरे एकदमच फडक्यावर येतात.